गुप्त पंगत आणि नावांची यादी

मोठ्या शहरांतून अलीकडे एक नवी हौस रूढ झाली आहे. एखादे गृहस्थ किंवा गृहिणी असे जाहीर करतात की, अमुक शनिवारी रात्री आमच्या घरी दहाबारा माणसांची पंगत बसेल. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आगाऊ पैसे भरून नाव नोंदवावे. जेवणात काय असेल ते यजमानाने ठरविलेले असते; पाहुण्यांना निवडीस वाव नसतो. घराचा पत्ता मात्र कोणास आधी सांगत नाहीत. तो नाव नोंदल्यावर, पुष्कळदा जेवणाच्या दिवशीच कळविला जातो. ठरल्या वेळी एकमेकांना पूर्वी कधीही न पाहिलेली माणसे एका अनोळखी दाराशी जमतात, जोडे बाहेर काढून आत जातात, एकाच मेजाभोवती बसतात आणि दोनतीन तास जेवतात व बोलतात. इंग्रजीत याला 'सपर क्लब' असे नाव आहे. आपण त्यास गुप्त पंगत म्हणू.

ही पंगत गुप्त का ठेवावी लागते? याची कारणे तीन. पहिले कायद्याचे. घर हे काही खानावळ नव्हे. पैसे घेऊन अन्न वाढावयाचे म्हटले की आपल्याकडे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते. शिवाय शेजाऱ्यांचीही तक्रार येऊ शकते. दुसरे कारण सुरक्षिततेचे. आपल्या घराचा पत्ता चव्हाट्यावर टांगावा असे कोणत्याही गृहिणीस वाटणार नाही. तिसरे कारण निव्वळ मौजेचे. जी गोष्ट सर्वांना ठाऊक नाही ती आपणास ठाऊक आहे, या जाणिवेने साध्या आमटीलाही एक वेगळी रुची येते.

क्यूबा देशात ही पंगत काही काळ खरोखरीच चोरून बसत असे. खासगी खानावळींना तेथे परवानगी नव्हती. पुढे सरकारने त्यांना मान्यता दिली, तीही एका वेळी बाराच पाहुणे बसवावेत अशा अटीवर. आपल्याकडे मुंबईत कुलाबा भागात २०१४ साली मुनाफ कपाडिया या तरुणाने आपल्या आईच्या हातचे बोहरी जेवण अनोळखी पाहुण्यांना घरी बोलावून वाढण्यास आरंभ केला. 'द बोहरी किचन' या नावाने तो उपक्रम पुढे पुष्कळ गाजला. येणाऱ्याची थोडी चौकशी करून मगच त्याला दार उघडावे, अशी तेथे रीत होती.

अशा प्रत्येक पंगतीच्या यजमानाजवळ एक लहानशी वस्तू असते. ती म्हणजे येणाऱ्यांच्या नावांची यादी. आज त्या यादीत विशेष असे काही नाही. ती हरवली तर फार तर चार पाने वाया जातील. परंतु आपल्या मराठी समाजाच्या इतिहासात अशाच एका गुप्त पंगतीची यादी चोरीस गेली आणि तिच्यापायी एक सबंध मंडळी उधळली गेली. त्या यादीची गोष्ट सांगण्यापूर्वी मात्र बुऱ्हाणपूर शहराकडे थोडे पाहू. कारण अनोळखी माणसांच्या शेजारी बसून जेवणे म्हणजे काय, आणि त्यात अडचण कोठे असते, हे या शहरात जसे समजते तसे फार थोड्या ठिकाणी समजेल.

तापीकाठचे बुऱ्हाणपूर हे पूर्वीपासून वाटसरूंचे शहर आहे. उत्तरेतून दक्षिणेत उतरणारा आणि सुरतेकडे जाणारा माल येथून जाई. फारुकी सुलतानांची ती राजधानी. १६०१ साली ते अकबराच्या हाती आले आणि पुढे मोगलांच्या दक्षिणेतील स्वाऱ्यांचे ठाणे झाले. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली येथे येऊन शाहजादा परवेझला भेटला होता. मुमताजमहालचा अंत १६३१ साली याच शहरी झाला. व्यापारी, शिपाई, विणकर, फकीर, यात्रेकरू अशी नाना देशांची माणसे येथे उतरत. आजही हे शहर मध्य प्रदेशात असले तरी जळगाव जिल्ह्याला लागून असल्यामुळे बाजारात हिंदी, उर्दू, मराठी आणि खानदेशी बोली एकाच वेळी कानी पडतात.

आता, वाटसरू एका गावी उतरले म्हणून ते एकत्र जेवत होते असे मात्र समजू नये. शेरशहाने रस्तोरस्ती ज्या सराया बांधल्या, त्यांत हिंदू आणि मुसलमान प्रवाशांच्या राहण्या-जेवण्याची व्यवस्था निरनिराळी ठेविली होती. छप्पर एक आणि चुली वेगळ्या, हीच त्या काळची सर्वमान्य रीत होती. आपल्या देशात अनोळखी माणसाला आसरा देणे हे पुण्यकर्म होते. त्याच्या ताटाला ताट लावून बसणे ही गोष्ट निराळी.

असे असता याच बुऱ्हाणपुरात दोन पंगती अशा आहेत की ज्या या रीतीहून भिन्न आहेत. पहिली बडी संगत गुरुद्वाराची. गुरु गोविंदसिंह १७०८ साली दक्षिणेत येताना बुऱ्हाणपुरास थांबले होते. येथून पुढे ते नांदेडास गेले आणि तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्या मुक्कामाची स्मृती म्हणून हा गुरुद्वारा आहे. शिखांच्या लंगरात येणाऱ्याला त्याचे नाव, गाव, जात वा धर्म विचारीत नाहीत. डोके झाकावे, रांगेत जमिनीवर बसावे आणि वाढले जाईल ते खावे. गुरूंच्या दर्शनास येणाऱ्याने आधी पंगतीत बसावे, असा दंडक तिसरे गुरू अमरदास यांनी घातल्याचे शीख परंपरा सांगते. याचा अर्थ असा की, शेजारच्या माणसाच्या जातीचा विचार मनातून गेला आहे की नाही, याची परीक्षा आधी, उपदेश मागाहून.

दुसरी पंगत दर्गाह-ए-हकीमी येथील. सय्यदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन यांच्या या समाधीस्थानी दाऊदी बोहरा समाजाचे यात्रेकरू देशोदेशींहून येतात. बोहरा लोकांत जेवणाची रीत अशी की एका मोठ्या थाळाभोवती आठजण बसावयाचे आणि सर्वांनी त्याच थाळातून खावयाचे. मिठाची चिमूट जिभेवर ठेवून आरंभ होतो, गोडाचा पदार्थ आधी येतो, आणि शेवटी अन्नाचा कण उरू द्यावयाचा नसतो. कराचीचा व्यापारी आणि सिद्धपूरचा विद्यार्थी एकमेकांना न ओळखताही त्या थाळाशी शेजारी होतात. मात्र ही पंगत एका समाजाच्या अंतर्गत आहे. मुंबईच्या त्या तरुणाने केले ते एवढेच की, हाच थाळ समाजाबाहेरच्या अनोळखी माणसांपुढे मांडला. आणि तेवढ्यानेच ती वर्तमानपत्रांत यावी अशी बातमी झाली. यावरून बाहेरच्या माणसाला थाळाशी बसविणे ही गोष्ट किती विरळा आहे ते दिसते.

बुऱ्हाणपूरचे मांडे प्रसिद्ध आहेत. उपड्या भांड्याच्या पाठीवर भाजलेली, रुमालासारखी पातळ आणि हातभर रुंद अशी ती रोटी लग्नकार्याच्या जेवणावळींत लागते. तापीच्या खालच्या अंगास खानदेशात गेलो की तेथेही मांडेच. पण ते पुरणाचे, उपड्या खापरावर भाजलेले. नाव एक, हातोटी जवळजवळ एक. पदार्थ घरोघर फिरतात, शब्द फिरतात, कसब फिरते. माणूस मात्र मांडीला मांडी लावून बसावयाचे म्हटले की थबकतो.

याहून मोठे उदाहरण पाण्याचे. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा सर्वांनी ऐकलेला आहे. अब्दुल रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास, तबकतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाच्या योजनेप्रमाणे सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालील बोगद्यांनी शहरात आणले गेले. ओळीने खोदलेल्या शंभराहून अधिक कुंड्यांमधून ते केवळ उताराच्या बळावर वाहत येते. सारे शहर पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर जगले. त्या पाण्याची योजना करणारा कोण होता, हे विचारून कोणी ते नाकारल्याचे ऐकिवात नाही. मग आपल्या जुन्या समाजात पाण्याचा विटाळ होता तो कशाचा? पाण्याच्या उगमाची जात कोणी विचारीत नसे. विचारली जाई ती पाण्याचा पेला पुढे करणाऱ्या हाताची. हा भेद नीट लक्षात घेतला म्हणजे पुढील गोष्टीतील पाव आणि पाणी यांचा अर्थ उलगडेल.

१८४० नंतरच्या मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतून शिकून निघालेली तरुण मंडळी होती. भूगोल, गणित, पदार्थविज्ञान यांच्या अभ्यासाने त्यांची दृष्टी बदलली होती. घरातील रीती मात्र बदलल्या नव्हत्या. जातीच्या पंचायतीचे बळ त्या वेळी किती होते, हे आज कल्पनेनेच जाणावे लागते. १८४३ साली श्रीपत शेषाद्री या लहान ब्राह्मण मुलाचे प्रकरण गाजले. तो काही दिवस मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. न्यायालयाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. मुलगा ख्रिस्ती झाला नव्हता. पण त्याने त्यांच्या घरचे अन्न खाल्ले होते. तेवढ्यावरून त्याला परत जातीत घ्यावे की नाही, असा वाद माजला आणि त्याची बाजू घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानालाही लोकांच्या रोषास तोंड द्यावे लागले. एका मुलाच्या पोटात गेलेल्या चार घासांवरून हे घडले.

जातीबाहेर टाकणे म्हणजे नुसते जेवणाचे आमंत्रण बंद होणे नव्हे. भट येत नाही, न्हावी येत नाही, परीट येत नाही. मुलीला स्थळ मिळत नाही. घरी मृत्यू झाला तर खांदा देण्यास माणूस मिळत नाही. मराठीत 'पंक्तिबाह्य', 'वाळीत टाकणे', 'रोटीव्यवहार', 'पंक्तिप्रपंच' असे किती शब्द आहेत पाहा. समाजात माणसाचे स्थान कोणते, हे ठरविण्याची जागा न्यायकचेरी नव्हती, पंगत होती.

अशा काळी दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी एक साहस केले. दादोबा हे मराठी व्याकरणाचे थोर कर्ते. त्यांचा जन्म १८१४ चा. सुरतेस शिक्षक असता त्यांनी व दुर्गाराम मेहताजी यांनी १८४४ साली मानवधर्मसभा स्थापन केली होती. पुढे मुंबईस आल्यावर त्यांच्याच प्रेरणेने १८४९ साली परमहंस सभा निघाली. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष होते. दादोबांचे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग तीत होते. तुकाराम तात्या पडवळ होते. बाबा पदमनजी हे तरुणपणी काही काळ तीत होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर विद्यार्थिदशेत तिच्या सहवासात आले. ईश्वर एक आहे, सर्व मनुष्यजात एक आहे आणि जातिभेद पाळू नये, ही तिची मुख्य मते.

मते पुष्कळांची असतात. परमहंस सभेचे वेगळेपण हे की, तिने मतांवर विश्वास ठेवला नाही. नवा सभासद आला म्हणजे 'मी जातिभेद मानीत नाही' एवढे म्हणून भागत नसे. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव त्याला सर्वांसमक्ष खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. बैठक विश्वासातील माणसाच्या घरी, दार बंद करून भरे. आरंभी आणि अखेरीस दादोबांनी रचलेल्या मराठी प्रार्थना म्हणत. मग चर्चा, आणि सर्वांचे एकत्र खाणे. निरनिराळ्या जातींचे लोक तेथे एका जागी बसून खात.

पावच का, असे कोणी विचारील. त्या वेळच्या मुंबईत पाव भाजणारे बहुधा गोव्याकडील ख्रिस्ती अथवा मुसलमान असत. पाव खाणे म्हणजे बाटणे, अशी समजूत जनमानसात खोल रुजली होती. पोर्तुगीजांच्या मुलखात विहिरीत पाव टाकून सबंध गावे बाटविल्याच्या कथा घरोघर सांगितल्या जात. आज वड्याबरोबर वा मिसळीबरोबर येणारा, दोन बोटांत मावणारा हा पाव त्या काळी आईबापांपासून माणसाला तोडणारा पदार्थ होता. तो तोंडात घालताना त्या तरुणांच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, याची कल्पना केली म्हणजे ही पंगत किती कठीण होती ते ध्यानी येते. चवीसाठी तेथे कोणी गेले नव्हते.

सभेच्या शाखा मुंबईबाहेरही निघाल्या. सभासदांची संख्या पुरेशी झाली म्हणजे एकदम प्रकट व्हावे, अशी पुढाऱ्यांची कल्पना होती. एकट्यादुकट्याला वाळीत टाकता येते. शेकडोंना टाकता येत नाही. हा हिशेब वावगा नव्हता. परंतु गुप्त संस्थेत एक अंगभूत दोष असतो. लोक संस्थेत यावेत तर त्यांना ती माहीत व्हावयास हवी. आणि ती सर्वांना माहीत झाली तर ती गुप्त राहत नाही. त्यामुळे पुरेशी संख्या होण्याचा दिवस पुढे पुढेच जातो. दिवसा घरी सोवळे आणि रात्री सभेत पाव, अशा दुहेरी आयुष्यात माणसे अडकून पडली. बाबा पदमनजींना हा दुटप्पीपणा सहन झाला नाही. ते १८५४ साली ख्रिस्ती झाले आणि 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी या सभेची हकिकत लिहून ठेविली. आज आपणास सभेची जी माहिती आहे, तिचा बराच भाग अशा माजी सभासदांच्या लेखनातून आलेला आहे. सभेने स्वतः कागदोपत्री काही जगापुढे ठेवलेच नाही.

पण एक कागद होताच. तो म्हणजे सभासदांची यादी. १८६० च्या सुमारास कोणीतरी सभेची कागदपत्रे पळविली, नावे उघडकीस आली, आणि जी भीती दहाअकरा वर्षे मनात होती ती दारात येऊन उभी राहिली. सभासदांची पांगापांग झाली. कोणी नाकबूल केले, कोणी गप्प बसले. परमहंस सभा संपली. तिच्या शत्रूंना वादात तिचे एकही मत खोडावे लागले नाही. नावे वाचून दाखविणे तेवढे पुरेसे झाले.

तरीही ती सभा व्यर्थ गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८६१ साली तुकाराम तात्या पडवळांनी 'जातिभेद विवेकसार' हा ग्रंथ लिहिला. त्यावर कर्ता म्हणून 'एक हिंदू' एवढेच छापले होते. नाव तेथेही झाकलेलेच. त्या ग्रंथाची पुढची आवृत्ती १८६५ साली जोतीराव फुले यांनी प्रसिद्ध केली, आणि जोतीरावांना नाव झाकण्याचे कारण कधी वाटले नाही. १८६७ साली प्रार्थनासमाज निघाला. डॉक्टर आत्माराम पांडुरंग त्याचे पहिले अध्यक्ष. हा समाज उघड होता, त्याचे दार रस्त्यावर होते. परंतु जातिबंधन तोडून सहभोजन करण्याची सक्ती त्याने आपल्या सभासदांवर ठेविली नाही. थोडक्यात, पूर्वी पाव होता आणि नाव नव्हते. आता नाव आले आणि पाव गेला.

नाव आणि घास यांची गाठ पुन्हा पडली ती पुण्यास, तीस वर्षांनी. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये पुण्यातील अनेक नामवंत मंडळींना निमंत्रण होते. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कार्यक्रमानंतर चहा आणि बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरून खाली ठेवला. येथे दार बंद नव्हते, शपथ नव्हती. पण आपण चहा घेतला हे कोणी बाहेर सांगत सुटेल, असेही कोणास वाटले नसावे. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. पुन्हा एक यादी! मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांचा रोष ओढवून घेतला. राज्यकर्त्यांपुढे निर्भयपणे बोलणारी माणसेही एका चहाच्या पेल्यापुढे कशी अडखळली, हे यात दिसते. त्यांना हसणे सोपे आहे. परंतु त्यांच्यामागे घरची वडीलधारी माणसे होती, लग्नाच्या मुली होत्या, हे विसरता कामा नये.

विसाव्या शतकात जो बदल झाला तो आचारापेक्षा याच एका बाबतीत झाला. लोकांनी आपली नावे आपण होऊन सांगण्यास सुरुवात केली. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानलेल्या गृहस्थाला पाण्याला शिवल्यावरून मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्याला चहाचे दुकान काढून दिले आणि आपली गाडी भर रस्त्यात त्या दुकानापुढे थांबवून ते चहा मागवीत. बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो घ्यावा लागे. परमहंसांनी जे दार लावून केले ते छत्रपतींनी रस्त्यात केले. केरळात १९१७ साली चेराई येथे सहोदरन अय्यप्पन यांनी पुलय जातीच्या लोकांबरोबर सहभोजन घडवून आणले. विरोधकांनी त्यांना 'पुलयन अय्यप्पन' असे हिणविले, तेव्हा ते नाव त्यांनी भूषण म्हणून स्वीकारले. ज्याने शिवीलाच आपले नाव केले, त्याची यादी चोरून कोण काय करणार?

रत्नागिरीस स्थानबद्ध असता सावरकरांनी १९३० पासून सहभोजने सुरू केली. जेवणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध करण्याचा त्यांनी परिपाठ ठेविला. १९३३ साली तेथे अखिल हिंदू उपाहारगृह निघाले. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीच्या सहभोजनांची चळवळ चालविली आणि सत्यनारायणाच्या पूजेला अस्पृश्य मानलेल्या जोडप्यास यजमानाचा मान दिला. १९२७ साली डॉक्टर आंबेडकरांच्या पुढाकाराने निघालेल्या समाज समता संघानेही सहभोजनाचा पुरस्कार केला. परंतु या साऱ्या उत्साहाला आंबेडकरांनीच एक परखड इशाराही दिला. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळाने सभाच रद्द केल्यामुळे १९३६ साली पुस्तकरूपाने निघालेल्या आपल्या भाषणात त्यांनी दाखवून दिले की, नुसत्या सहभोजनाने जात मोडत नाही. एकमेकांचे अन्न खाणाऱ्या कित्येक जाती आहेत, तरी त्या जाती आहेतच. रक्ताचे नाते जुळल्याखेरीज परकेपणा जाणार नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. हे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. जेवण ही पहिली पायरी आहे. पायरीलाच घर समजू नये.

१९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि उपाहारगृहे, विहिरी, पाणवठे यांत मज्जाव करण्यास बंदी घातली. आज हॉटेलात शेजारच्या मेजावर कोण बसले आहे हे कोणी विचारीत नाही. तथापि महाराष्ट्र राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. वाळीत टाकण्याची प्रथा केवळ इतिहासात राहिली असती, तर त्याची गरज पडली नसती. शिवाय कायदा हॉटेलच्या दारापर्यंत येतो. घराच्या स्वयंपाकघरात कोणाला बोलवावे, हे तो सांगत नाही आणि त्याने सांगूही नये. तेथे माणसाचे मनच कायदा करते.

या दृष्टीने आजच्या गुप्त पंगतीकडे पाहिले म्हणजे तिचे गुणदोष दोन्ही दिसतात. अनोळखी माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातचे वाढणे, ही गोष्ट लहान नाही. हॉटेलात आपण शेजारी बसतो ते एकमेकांकडे न पाहण्यासाठी. येथे बसतो ते बोलण्यासाठी. ज्या समाजाचे जेवण आपण कधी पाहिले नाही, ते त्या समाजाच्या आईने वाढलेले खाणे, यात पुष्कळ गैरसमज विरघळतात. परंतु या पंगतीची यादी कशी तयार होते, तेही पाहिले पाहिजे. पैसे आगाऊ भरू शकणारे, एकाच प्रकारचे शिक्षण झालेले, एकाच प्रकारची बातमी वाचणारे लोक तीत येतात. ते एकमेकांस अनोळखी असतात, पण परके नसतात. जुनी चाळणी जातीची होती. ही चाळणी पैशाची आणि आवडीची आहे. परमहंसांच्या पंगतीत बसण्यास दाम लागत नव्हता. किंमत मात्र फार मोठी द्यावी लागत होती.

म्हणून अशा पंगतीला जाणाऱ्याने पत्ता गुप्त असल्याचा आनंद जरूर घ्यावा. परंतु परतताना स्वतःला दोन प्रश्न विचारावे. आज माझ्या शेजारी जो बसला होता, त्याच्याबरोबर जेवल्याचे मी घरी, गल्लीत, जातीच्या मेळाव्यात उघडपणे सांगेन का? आणि ज्याला त्या यादीत जागा मिळणे शक्यच नव्हते, त्याला मी माझ्या घरी पाट मांडून देईन का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी द्यावयास आपल्या समाजाला १८४९ पासून जवळजवळ एक शतक लागले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून प्रत्येकाने आपापल्या घरी द्यावयाचे आहे.

बुऱ्हाणपूरच्या गुरुद्वारात हा दुसरा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तेथे यादी केलीच जात नाही. जो येईल तो बसतो. तेथे जेवून आलेल्या प्रत्येकाला ती पंगत पाहून बरे वाटते, आणि ते योग्यच आहे. मात्र लंगरात शेजारी बसलेल्या माणसाला पुढच्या सणाला आपल्या घरी बोलावणे, हे गुरुद्वाराचे काम नव्हे. ते आपले आहे. त्यासाठी गुप्त पत्ता लागत नाही, आगाऊ पैसे लागत नाहीत, की शपथही लागत नाही. एक जादा पान मांडावे लागते, आणि कोण जेवून गेले असे शेजाऱ्याने विचारले तर पाहुण्याचे नाव मोठ्याने सांगावे लागते.